शेजारच्या काकांचा धाकटा भाऊ

दुबईत अल कुसैसला आम्ही राहायला आलो त्या दिवशी बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. सामान जिन्यातून चढवताना वॉशिंग मशीन वळणावर असं अडकलं की वर जाईना आणि खालीही येईना. समोरच्या फ्लॅटमधून साठीकडे झुकलेले एक गृहस्थ बाहेर आले, मशीनची एक बाजू त्यांनी खांद्यावर घेतली आणि "यल्ला, यल्ला" करत ते आमच्या दारात आणून ठेवलं. मी सवयीनं म्हटलं, "थँक्यू, काका." ते थबकले. त्यांनी बायकोला हाक मारून काहीतरी सांगितलं, तशी तीही बाहेर येऊन माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. मग त्यांनी मला विचारलं, "तुम को कुर्दी आता है?"

त्यांच्या भाषेत काका म्हणजे थोरला भाऊ. मी म्हटलं, आमच्यात वडिलांच्या भावाला म्हणतात. ते हसून म्हणाले, "भाऊच ना शेवटी? मग झालं तर." तेव्हापासून ते आमचे काका झाले आणि त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायला लागले. काकांची बायको वहिनी कशी, हे माझ्या आईला मी फोनवर कधीच समजावू शकले नाही.

ते दोघं इराकच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, सुलेमानियाचे. काका अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवून घेण्याच्या कामावर सुपरवायझर होते. दोन्ही मुली लग्न होऊन स्वीडनला गेलेल्या. वीसेक वर्षं दुबईत काढल्यामुळे त्यांचं हिंदी आमच्या बिल्डिंगच्या केरळी वॉचमनपेक्षा बरं होतं, आणि आमचं बोलणं त्यातच चालायचं.

मी जवळच्याच एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होते. एका शुक्रवारी काकांचा गाल लिंबाएवढा सुजला. वहिनी घाबरून माझ्याकडे आल्या, तशी मी त्यांना आमच्या क्लिनिकला घेऊन गेले. आमचे डॉक्टर चाळिशीचे, मवाळ, फार कमी बोलणारे. ते इराकी आहेत एवढंच मला माहीत होतं. काका खुर्चीत आडवे झाले, इंजेक्शनची सुई लागली आणि ते विव्हळत आपल्या भाषेत काहीतरी बोलले. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "काका, तुम्ही कुर्दी?" काकांना तोंड मिटता येईना, ते नुसते डोळ्यांनी हसले. डॉक्टर त्यांच्याशी आपल्या भाषेत इतकं भरभरून बोलायला लागले की आमची नर्स आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं आम्ही त्या माणसाचा आवाजच ऐकला नव्हता म्हणायचं.

दात निघाल्यावर काकांनी बोळा चावत विचारलं, "कुठला तू?"

"हौलेरचा."

काकांनी बोळा चावणं थांबवलं. हौलेर म्हणजे आपण नकाशात एर्बिल म्हणतो ते शहर. "मी सुलेमानियाचा," ते म्हणाले. डॉक्टरांनी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मग दोघंही एकदम हसले. ते हसणं मला जरा चमत्कारिक वाटलं. घरी येताना मी विचारलं तर काका म्हणाले, "तो पिवळ्या झेंड्याच्या गावचा, मी हिरव्या झेंड्याच्या." एवढंच.

पुढचं मला हळूहळू कळत गेलं, बरंचसं वहिनींकडून. त्यांच्याकडे दोन मोठे पक्ष आहेत, एकाचा रंग पिवळा आणि दुसऱ्याचा हिरवा. बगदादच्या सरकारविरुद्ध दोघेही लढले आणि दोघांचेही लोक मेले. त्या सरकारच्या हातून त्यांचा प्रदेश सुटला, तसे हे दोन पक्ष सत्तेसाठी एकमेकांवरच उठले. नव्वदच्या दशकात काही वर्षं त्यांचं आपसात युद्ध चाललं. त्या युद्धाला ते लोक ब्राकुझी म्हणतात, म्हणजे भावानं भावाला मारणं. मी म्हटलं, आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. काकांनी तो शब्द दोन-तीनदा घोळवून बघितला. मग मी त्यांना आमच्या गावची गोष्ट सांगितली. माझे दोन चुलते दोन पक्षांत, ग्रामपंचायतीला एकमेकांविरुद्ध उभे राहतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत, मधल्या बांधावरून कोर्टात भांडतात.

काकांनी विचारलं, "पण दोघंही जिवंत आहेत ना?"

"हो, आहेत की."

"मग छान आहे," ते अगदी मनापासून म्हणाले.

डॉक्टर एकटेच राहायचे. बायको आणि लहान मुलगा हौलेरला होते. हळूहळू शुक्रवारचं जेवण ते काकांकडे जेवायला लागले. वहिनी द्राक्षाच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळून मोठं पातेलं भरायच्या. डॉक्टर त्याला डोलमा म्हणायचे, काका म्हणायचे, या घरात त्याला याप्राखच म्हणायचं, नाहीतर उपाशी राहायचं. त्या दोघांचं भांडण म्हणजे एवढंच. वहिनींचा एक कडक नियम होता. डॉक्टर आले की टीव्ही बंद. दोन्ही पक्षांची आपापली बातम्यांची चॅनेल होती, आणि एकावर जो हुतात्मा तो दुसऱ्यावर गद्दार असायचा. "माझ्या घरात पक्ष नको," वहिनी म्हणायच्या. "पोटभर जेवा, चहा प्या, नाहीतर चालायला लागा."

नवरोजला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, त्यांनी आम्हाला पार्कमध्ये नेलं. बायका झगमगीत लांब झगे घालून, पुरुष ढगळ विजारी आणि कमरेला कापडाचे पट्टे बांधून आले होते. झेंडे कुणाकडेच नव्हते, पण हिरवळीच्या एका टोकाला एक घोळका होता आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. माझ्या मुलीनं विचारलं, "ममा, व्हाय आर देअर टू पार्टीज?" तिला वाढदिवसाची पार्टी म्हणायचं होतं. काका आणि डॉक्टर दोघंही खळखळून हसले. त्यांनी चटई बरोबर मधे अंथरली आणि आम्हा मराठी लोकांना तिच्यावर बसवलं. संध्याकाळी दोघं हातात हात घालून नाचले. तेव्हा दोन्ही घोळक्यांतली काही मंडळी उठून येऊन त्यांच्या रांगेत शिरली. माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आहे. तो मी फारसा बघत नाही.

काकांच्या बैठकीच्या खोलीत एका तरुण मुलाचा फोटो होता. कोवळी मिशी, खांद्यावर बंदूक, चेहऱ्यावर उगाचच रागीट भाव. मला वाटायचं, काकांचाच असेल. एकदा वहिनी कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "तो यांचा धाकटा भाऊ. त्या युद्धात पिवळ्यांनी पकडून नेला. सुटून आलेल्या कैद्यांनी तुरुंगात बघितला होता. त्यानंतर कुणीच बघितला नाही."

"मग गेला असेल ना?" मी म्हटलं.

"हे माझ्या सासूसमोर म्हणून बघ."

सुलेमानियाला काकांची आई होती, ऐंशीच्या पुढची. तिनं त्या मुलाचा फातिहा, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, कधी वाचू दिला नव्हता, दुखवट्याला कधी कुणाला बसू दिलं नव्हतं. दर शुक्रवारी फोनवर ती काकांना एकच प्रश्न विचारायची. पहिली कित्येक वर्षं तो प्रश्न होता, "तो कधी येणार?" अलीकडे ती म्हणायला लागली होती, "हाडं तरी आण रे. मला पुरायचीत, मग मी मरेन." वहिनी म्हणाल्या, हा बदल झाला त्या दिवशी काका बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते.

हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांच्या घरीही असंच दुःख होतं. त्यांचा सख्खा मामा त्याच युद्धात हिरव्यांच्या गोळीनं गेला होता. पण मामाची कबर होती, ईदला जाऊन त्यांची आई त्या कबरीवर पाणी शिंपडायची. डॉक्टर एकदा मला म्हणाले, "आमच्याकडे दुःखातसुद्धा श्रीमंत आणि गरीब असतात. कबर असलेले श्रीमंत."

मग गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांचे वडील गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दुबईला आले.

त्या दिवशी काकांच्या दाताची कॅप बसवायची होती. सकाळची वेळ, वेटिंगमध्ये काका, मी आणि एक फिलिपिनो बाई. दार उघडून डॉक्टरांचे वडील काठी टेकत आत आले. उंच, पांढऱ्या भरघोस मिशा, चालण्यात अजून कमांडरचा ताठा. मी उठून त्यांना बसायला सांगणार, तेवढ्यात त्यांची नजर काकांवर गेली. काठी हातातून पडली. ते जवळजवळ ओरडलेच, दोन ढांगांत पुढे झाले आणि त्यांनी काकांना मिठी मारली. काकांचे हात आपोआप वर गेले, म्हाताऱ्याच्या पाठीवर टेकले आणि तिथेच थिजले. डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांना वाटलं, काय योग आहे, वडिलांचा जुना मित्र निघाला. ते हसत उभे राहिले.

मला तेव्हा शब्द कळले नाहीत. काय बोलणं झालं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं.

म्हातारा म्हणाला, "तू जिवंत आहेस! तुझी आई कशी आहे?"

त्या आपसातल्या युद्धाच्या काही वर्षं आधी, बगदादच्या फौजा मागे लागल्या तेव्हा सगळे कुर्द घरंदारं सोडून बर्फातून सीमेकडे पळाले होते. त्या पळापळीत काकांच्या आईचा पाय मोडला. तिला पाठीवर घेऊन डोंगर चढून गेलेला माणूस म्हणजे हाच. तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक एकाच वाटेनं चालत होते.

काका म्हणाले, "आई वाट बघते."

"कुणाची?"

"तू तिला पाठीवर घेतलं होतंस, तेव्हा तिचं गाठोडं घेऊन एक पोरगा तुझ्यामागून चालत होता. त्याची."

म्हाताऱ्यानं मिठी सोडली. काका पुढे म्हणाले, "तो तुझ्या तुरुंगात होता. सुटलेल्या कैद्यांनी मला तुझं नाव सांगितलं. इतकी वर्षं मी तुझं नाव घेऊन झोपतो. तू त्याला ओळखलं नाहीस का?"

म्हातारा खुर्चीत बसला आणि त्यानं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला, जणू त्याला आता फक्त गुडघाच आठवत होता. फिलिपिनो बाईनं त्याची काठी उचलून भिंतीला टेकवून ठेवली. डॉक्टर एकदा वडिलांकडे आणि एकदा काकांकडे बघत होते. वडील सुरक्षा खात्यात होते एवढंच त्यांना माहीत होतं. तुरुंग त्यांच्या ताब्यात होता, हे त्यांनी त्या वेटिंगमध्ये, माझ्यासमोर ऐकलं. काकांना तरी कुठे माहीत होतं, की डॉक्टर याच माणसाचा मुलगा. त्यांच्यात आडनावं चालत नाहीत, माणूस स्वतःचं नाव आणि बापाचं नाव लावतो, आणि लढाईतल्या माणसांना तर वेगळीच टोपणनावं असतात.

काका कॅप न बसवताच निघून गेले.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. डॉक्टर रोज घरी वडिलांपुढे बसायचे. "बाबा, कुठे आहे एवढं सांगा. बाकी काही नको." वडील म्हणायचे, "एकाचं सांगितलं तर सगळ्यांचं सांगावं लागेल." कधी म्हणायचे, "आधी त्यांनी तुझ्या मामाच्या मारेकऱ्याचं नाव सांगावं." आणि बाकीचा वेळ टीव्ही बघायचे.

इकडे काकांनी आपल्या पक्षातल्या जुन्या ओळखीच्या माणसांना फोन लावले. त्यांना वाटलं, आपला पक्ष तरी हे प्रकरण उचलून धरेल. त्यांच्याकडे निवडणुका होऊन कितीतरी महिने उलटले होते, पण मंत्रिपदांच्या वाटपावरून सरकार बनत नव्हतं, आणि दोन्ही पक्षांच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या. काकांच्या जुन्या सोबत्यानं सांगितलं, "आत्ता नको, भाऊ. बोलणी नाजूक वळणावर आहेत. असले विषय काढले तर सगळं फिसकटेल."

काकांनी फोन ठेवला आणि टीव्ही लावला. वहिनींनी त्या दिवशी अडवलं नाही. दोन्ही चॅनेलवर तेच दृश्य होतं. पिवळ्यांचे आणि हिरव्यांचे पुढारी एका सोफ्यावर, पुढे सुक्या मेव्याच्या बशा, कॅमेऱ्याकडे बघून हस्तांदोलन. मी भाजी द्यायला गेले होते. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हे भांडले तेव्हा माझा भाऊ गेला. आता हे एक होताहेत, तर त्याचं नाव घ्यायचं नाही. तू सांग, त्यानं जायचं कुठे?" वाटी टेबलावर ठेवून मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

डॉक्टरांचे वडील परत गेले त्या दिवशी एअरपोर्टवर, व्हीलचेअरवर बसवून नेत असताना, त्यांनी मुलाचा हात धरून सांगून टाकलं. डॉक्टर तिथून सरळ आमच्या घरी आले. दुपार होती. ते सोफ्याच्या कडेला बसले आणि त्यांनी मला विनंती केली की काकांना इथे बोलवा. त्यांच्या दारात जायची माझी हिंमत नाही, म्हणाले.

काका आले. उभेच राहिले. डॉक्टर खाली मान घालून बोलत होते. काकांचा भाऊ तुरुंगात आजारी पडला नव्हता, पळाला नव्हता. आघाडीवर मागे हटायची वेळ आली तेव्हा वरून हुकूम आला की कैद्यांना सोबत नेता येणार नाही. शहराबाहेरच्या एका शेतात नेलं. बरेच जण होते. वडिलांनी त्याला ओळखलं होतं. त्यानंही वडिलांना ओळखलं होतं. त्यानं आईसाठी निरोप सांगायला म्हणून तोंड उघडलं, तर वडील तिथून निघून गेले. त्या शेतावर आता मोठी कॉलनी उठली आहे, बंगले, शाळा, सुपरमार्केट. खणायला काही उरलेलं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर उठून त्यांच्या पाया पडल्यासारखे वाकले, तर काकांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. रागानं नव्हे, अगदी हळुवार. पण जवळ घेतलं नाही. म्हणाले, "तू माझ्या मुलासारखा आहेस. तुझा यात काहीच दोष नाही. पण आता तुझ्या चेहऱ्यात मला तुझा बाप दिसतो. मी काय करू?" आणि ते आपल्या घरी गेले. आतल्या खोलीच्या दारात माझी मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "ममा, डॉक्टर अंकल इज क्राइंग." मी तिला आत पाठवलं.

आईला सांगायचं की नाही, यावर समोरच्या फ्लॅटमध्ये बरेच दिवस वाद चालला. काका म्हणत, ती मरेल. वहिनी म्हणत, ती यासाठीच जगते आहे. शेवटी दोघंही सुलेमानियाला गेले. तिथे काय झालं ते वहिनींनी मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "कोण, ज्यानं मला पाठीवर घेतलं होतं तो?" काका म्हणाले, हो. म्हातारीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "त्याच्या पाठीला घाम आला होता. मी माझ्या ओढणीनं पुसला होता." तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच सांगितलं की दुखवट्याची चटई अंथरा, फातिहा वाचा. तीन दिवस गल्लीतले, गावातले लोक येऊन बसले. पक्षानं हार पाठवला. म्हातारीनं तो दाराबाहेरच ठेवायला लावला.

डॉक्टरांना त्या दुखवट्याला जायचं होतं. त्यांनी तिकीटही काढलं होतं. वहिनींनी मला सांगितलं, "त्याला म्हण, येऊ नकोस. इथले तरुण पोरगे त्याला काही बोलले तर आम्हाला सहन होणार नाही." मी हे त्यांना क्लिनिकमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

महिनाभरात काकांची आई गेली. झोपेतच गेली. काका दुबईला परत आले ते फक्त राजीनामा द्यायला आणि सामान बांधायला. आईच्या घराला आता कुणीतरी हवं, म्हणाले. सामान उतरवताना माझे मिस्टर आणि वॉचमन मदतीला होते. मी वहिनींना म्हटलं, मी काकांना त्या क्लिनिकला नेलं नसतं तर बरं झालं असतं का? वहिनी माझ्यावर रागावल्या. "वेडी आहेस का? निदान कळलं. सासूबाई रडून गेल्या. न रडता गेल्या असत्या तर?" मग त्यांनी मला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघी जिन्यातच बसून रडलो.

डॉक्टरही पुढे क्लिनिक सोडून अबुधाबीच्या एका हॉस्पिटलमध्ये गेले. माझ्या मुलीच्या दातांना तारा त्यांनीच लावल्या होत्या, म्हणून काढायलाही मी तिला त्यांच्याकडेच नेलं. ते बारीक झाले होते. वडिलांशी बोलणं बंद आहे, म्हणाले. आई मधे पडते, रडते. मुलीच्या तारा काढून झाल्या, तिनं आरशात बघून "वाव" म्हटलं, ते तिच्याकडे बघून हसले. मग हातमोजे काढता काढता माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काका कसे आहेत?"

"बरे आहेत. मळ्यात डाळिंबं लावलीत."

"माझ्याबद्दल विचारतात?"

दर शुक्रवारी वहिनींचा फोन येतो. काका मागून माझ्या मुलीची चौकशी करतात, वॉचमनची करतात, आमच्या लिफ्टची सुद्धा करतात. डॉक्टरांचं नाव त्यांनी एकदाही काढलेलं नाही. मला सहज हो म्हणता आलं असतं. पण डॉक्टर खोटं ओळखणारे आहेत.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मुलीला मऊ ब्रश वापरायला सांगितलं, गोड कमी खा म्हणाले, आणि आम्हाला सोडायला लिफ्टपर्यंत आले.